एका घरात तीन रिपोर्ट, तिन्हींत ई. कोलाय

नेरुळला राहणाऱ्या एका बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या घरी एकाच महिन्यात तीन रिपोर्ट आले. तीन वर्षांच्या मुलाला दोन दिवस जुलाब झाले म्हणून शीचा कल्चर केला, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहिले, त्यात ‘ई. कोलाय’ वाढले. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, त्यांना मधुमेह आहे. वार्षिक तपासणीत त्यांच्या लघवीच्या कल्चरमध्येही ‘ई. कोलाय, एक लाखाच्या वर’ (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये एवढे जंतू) असं आलं, पण त्रास काहीच नाही. आणि सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीच्या पाण्याच्या रिपोर्टवरही ‘ई. कोलाय आढळले’. बाई विचारतात, हा एकच जंतू आमच्या घरभर पसरलाय का? तो पोटातून कायमचा कसा काढायचा? सगळ्यांनी एकदम औषध घेतलं तर संपेल का? शेवटी एका ओळीत त्यांनी लिहिलंय की त्या ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला ऑफिसला जातात, बाथरूम टाळायला सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि त्यांना स्वतःलाही वर्षातून दोन-तीनदा उन्हाळी लागते, म्हणजे लघवीला जळजळ होते.

मी ठाण्यात गेली २७ वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. जंतू वाढवायच्या ज्या प्लेट्स रोज सकाळी हातात येतात त्यांवर सगळ्यात जास्त वेळा हाच जंतू दिसतो. म्हणून आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते. सगळ्यांनी एकदम औषध घेऊ नका. तिन्ही रिपोर्टांवर नाव एकच असलं तरी त्यांचा अर्थ एक नाही. त्यातला एक काहीच सांगत नाही, दुसऱ्याकडे बहुधा नुसतं लक्ष ठेवायचंय, आणि तिसऱ्यावर मात्र आजच्या आज हालचाल करायला हवी. तो तिसरा पाण्याचा आहे.

मुलाच्या रिपोर्टपासून सुरुवात करू, कारण तुमची झोप त्यानेच उडवलेली दिसते. शीमध्ये ई. कोलाय सापडणं हा आजार नाही. मुलगा ठणठणीत असताना नमुना दिला असता तरी हाच जंतू वाढला असता. तुमची, माझी, शेजाऱ्यांची तपासली तरी बहुतेक तो सापडेल. बाळ जन्मल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच हा जंतू त्याच्या आतड्यात मुक्कामाला येतो. थेओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये त्याचं वर्णन केलं तेही म्युनिकमध्ये, तान्ह्या बाळांच्या शीचा अभ्यास करताना. जंतूचं आजचं पूर्ण नाव ‘एशेरिकिया कोलाय’ त्यांच्यावरूनच पडलं, आणि ‘कोलाय’ म्हणजे मोठ्या आतड्यातला.

नवजात बाळाच्या आतड्यात थोडा ऑक्सिजन असतो. ई. कोलायला ऑक्सिजन असला तरी चालतं, नसला तरी चालतं. तो आधी येऊन तिथला ऑक्सिजन वापरून टाकतो, मग ज्यांना ऑक्सिजन अजिबात सोसत नाही असे जंतू येऊन स्थिरावतात. मोठेपणी आतड्यात त्यांचीच वस्ती प्रचंड असते आणि ई. कोलाय एकूण जंतूंच्या एक टक्क्याहूनही कमी उरतो. प्रयोगशाळेत त्याचंच नाव सारखं ऐकू येतं, कारण तो आमच्या प्लेटवर सहज आणि भराभर वाढतो. जे खरे बहुसंख्य आहेत ते साध्या हवेत वाढतच नाहीत.

हा थोडा असला तरी आयतं खाणारा नाही. तो के जीवनसत्त्वाचा एक प्रकार तयार करतो. आतड्यातली जागा आणि अन्न अडवून ठेवून बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंना पाय रोवू देत नाही. पहिल्या महायुद्धात आल्फ्रेड निसले या जर्मन डॉक्टरांना एक सैनिक असा आढळला की सोबत्यांना हगवण लागली तरी याला काही झालं नाही. त्याच्या आतड्यातला ई. कोलाय त्यांनी १९१७ मध्ये वेगळा काढला. तो वाण आजही जर्मनीत औषध म्हणून दिला जातो, मोठ्या आतड्याच्या एका दीर्घ आजारात तर तो डॉक्टर लिहून देतात. ज्याला पोटातून कायमचं हाकलायचं म्हणता, त्याचाच एक भाऊबंद कुठे तरी कॅप्सूलमध्ये भरून विकला जातोय.

मग जुलाब करणारा ई. कोलाय कोणता? तोही आहे, आणि इथेच नावामुळे घोटाळा होतो. ई. कोलाय ही एक जात असली तरी तिच्यात वाण असंख्य आहेत, आणि त्यांच्यातला फरक तुम्ही-आम्ही कल्पना करतो त्याहून कितीतरी मोठा आहे. प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा के-१२ हा निरुपद्रवी वाण आणि ओ१५७ हा घातक वाण यांच्या जनुकांची तुलना २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. ओ१५७ मध्ये १,३८७ जनुकं अशी निघाली जी के-१२ मध्ये नाहीतच. के-१२ ची एकूण जनुकं ४,३०० च्या आसपास आहेत, त्यावरून अंदाज करा. हगवण करणारा शिगेला तर जनुकांच्या हिशेबाने ई. कोलायच्याच कुटुंबातला आहे. रोग ओळखायला सोपं जावं म्हणून त्याचं जुनं वेगळं नाव तसंच ठेवलंय.

घातक वाणांच्या रीतीही वेगवेगळ्या. एक प्रकार आतड्यात विष सोडून पटकीसारखे (म्हणजे कॉलऱ्यासारखे) पाण्याचे ढाळ करतो. प्रवासात पोट बिघडतं त्यामागे पुष्कळदा तो असतो. त्याच्या शोधात आपल्या माणसाचाही वाटा आहे. कोलकात्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५० च्या दशकात सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यावर प्रयोग करून पटकीचं विष दाखवून दिलं, आणि ई. कोलायचे काही वाण तसाच परिणाम करतात हेही दाखवलं. दुसरा प्रकार आतड्याच्या पेशींना चिकटून त्यांवरची मखमल झडवतो, लहान बाळांना याचा त्रास जास्त. ओ१५७ आणि त्याच्यासारखे वाण शिगा नावाचं विष करतात, त्याने रक्त पडतं आणि पुढे मूत्रपिंडावर घाला येऊ शकतो. २०११ मध्ये जर्मनीत अशाच एका वाणाने पन्नासहून जास्त माणसं दगावली, आणि माग काढत गेल्यावर बोट रोखलं गेलं ते मोड आलेल्या मेथीवर. मोड यायला लागणारा ओलावा आणि ऊब जंतूलाही मानवते. उसळ शिजवून खाण्याची आपली पद्धत म्हणूनच मला मोलाची वाटते. कच्चे मोड लहान मुलांना, गरोदर बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना मी तरी देणार नाही.

हे वाण साध्या शीच्या कल्चरमध्ये वेगळे ओळखू येत नाहीत. आमच्या प्लेटवर ई. कोलायच्या वसाहती गुलाबी दिसतात, चांगल्याच्याही आणि वाईटाच्याही. आम्ही त्या गुलाबी गर्दीत बिनरंगी वसाहती शोधत असतो, कारण जुलाब करणारा साल्मोनेला किंवा शिगेला असेल तर तिथे सापडेल. घातक ई. कोलाय ओळखायला त्याच्या विषाची किंवा जनुकांची वेगळी चाचणी लागते. म्हणून ‘ई. कोलाय वाढले’ एवढंच लिहून खाली अँटिबायोटिकांची यादी जोडणं चूक आहे असं मी स्पष्ट म्हणते. असा रिपोर्ट पाहून घाबरलेल्या आया आणि विनाकारण पाच दिवस गोड सिरप प्यायलेली मुलं मी खूप पाहिली आहेत. तिथे ‘साल्मोनेला, शिगेला आढळले नाहीत’ एवढंच लिहायला हवं.

तुमच्या मुलाचे जुलाब थांबलेत, तो खेळतोय, खातोय. त्याला औषध नको. पुन्हा जुलाब झाले तर ओआरएस, नेहमीचं जेवण आणि डॉक्टरांना विचारून १० ते १४ दिवस झिंक. शीत रक्त दिसलं, लघवी कमी झाली, मूल सुस्त पडलं, किंवा जुलाब थांबल्यावर आठवड्याभरात ते एकदम पांढरंफटक दिसायला लागलं, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठा. रक्ताच्या जुलाबात अँटिबायोटिक घरातल्या घरात सुरू करू नका. शिगेला असेल तर ते लागतं, पण शिगा विष करणारा ई. कोलाय असेल तर काही अँटिबायोटिकांनी विष जास्त सुटून अपाय होऊ शकतो. हा वाण आपल्याकडे क्वचित सापडतो, तरी निर्णय डॉक्टरांचाच हवा.

आता सासूबाई. इथे मला थोडं सविस्तर बोलू द्या, कारण सगळ्यात जास्त वाया जाणारी अँटिबायोटिकं मी इथेच पाहते.

लघवीच्या जागेतला ई. कोलाय आतड्यातूनच आलेला असतो. बायकांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांब, आणि गुदद्वार जवळ. लघवीच्या साध्या संसर्गांपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त याच जंतूमुळे होतात. मूत्राशयात लघवीचा लोंढा त्याला वाहून नेऊ पाहतो, म्हणून तिथे टिकणाऱ्या वाणांना बारीक केसांसारखे धागे असतात. त्या धाग्यांच्या टोकाचं प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरावरच्या मॅनोज या साखरेला घट्ट धरतं. काही जंतू तर अस्तराच्या पेशींच्या आत शिरून दडतात आणि औषध संपल्यावर पुन्हा बाहेर येतात.

पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं. त्यामुळे योनिमार्गातले आम्ल करणारे लॅक्टोबॅसिलस हे राखणदार जंतू घटतात आणि त्या रिकाम्या जागी ई. कोलाय येऊन बसतो. म्हणूनच सत्तरीच्या बायकांच्या लघवीत काही तक्रार नसताना जंतू सापडणं अगदी नेहमीचं आहे. शंभर जणींत दहा-पंधरा तरी अशा निघतात. मधुमेह असेल तर आणखी. याला आम्ही लक्षणांविना जंतू असणं म्हणतो आणि त्याला औषध देत नाही. आकडा एक लाखाच्या वर असला तरी हे बदलत नाही. अपवाद दोन. गरोदर बाई असेल तर औषध द्यायचंच, कारण न दिल्यास संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा धोका मोठा असतो. आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असेल तर आधी द्यायचं. नुसता मधुमेह हा अपवाद नाही. लघवीला वास येतो किंवा ती गढूळ दिसते, एवढ्यावरही गोळी सुरू करायची नसते.

आणखी एक विचारा. नमुना घेतल्यावर तो लॅबला पोचायला किती वेळ लागला? हा जंतू पोषक परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. नेरुळच्या दुपारच्या उकाड्यात डबी चार-पाच तास पिशवीत राहिली तर काही शेकड्यांचे लाख होऊ शकतात. नमुना दोन तासांच्या आत पोचवायचा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवायचा. आणि पहिली धार सोडून मधली धार घ्यायची. हे घरच्यांना कुणी समजावून सांगत नाही, म्हणून मी इथे सांगते.

‘घेतली पाच दिवस गोळी तर बिघडलं कुठे?’ असं पुष्कळ जण विचारतात. बिघडतं ते आतड्यात. गोळी फक्त मूत्राशयात जात नाही. आतड्यातले औषधाला मरणारे जंतू मरतात, न मरणारे उरतात आणि मोकळी झालेली जागा तेच व्यापतात. शिवाय ई. कोलाय प्रतिकाराची जनुकं प्लाझ्मिड नावाच्या छोट्या वर्तुळांवर दुसऱ्या जंतूला देऊन टाकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही. एका घरात राहणाऱ्यांत हे वाण एकमेकांकडे जातात, म्हणजे सासूबाईंच्या आतड्यातला प्रतिकार नातवापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा लघवीतल्या ई. कोलायच्या रिपोर्टवर ‘चालेल’च्या रकान्यात बरीच नावं असायची. आता सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे आणि तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनांपुढे ‘चालणार नाही’ लिहिताना हात थांबत नाही इतकी सवय झालीय. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही जुनी औषधं अजून बऱ्यापैकी टिकून आहेत, आणि ती टिकावीत म्हणून मी इतकं लिहितेय. ज्या दिवशी सासूबाईंना थंडी वाजून ताप येईल, कंबरेच्या वर पाठीत दुखेल, लघवीला जळजळ होईल किंवा त्या अचानक भ्रमिष्टासारखं बोलतील, त्या दिवशी अँटिबायोटिक खरंच लागू शकेल. तशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि गोळीच्या आधी लघवीचा नमुना द्या. आज मात्र त्यांना काही देऊ नका. साखर ताब्यात ठेवा.

त्या इन्शुलिन घेत असतील तर त्यांना हेही सांगा. मानवी इन्शुलिन पहिल्यांदा बनवलं गेलं ते १९७८ मध्ये, ई. कोलायमध्ये माणसाचं जनुक घालून, आणि १९८२ मध्ये ते बाजारात आलं. आजही काही इन्शुलिनं याच जंतूकडून करून घेतली जातात. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा तिने इंजेक्शनच्या पेनकडे दोन मिनिटं टक लावून पाहिलं होतं.

आता पाणी. टाकीच्या पाण्यात ई. कोलाय निघाला म्हणजे पाण्यात माणसाची किंवा जनावराची विष्ठा मिसळलीय, आणि तीही अलीकडे. तो जंतू स्वतः निरुपद्रवी असला तरी ज्या वाटेने तो आला त्याच वाटेने टायफॉईड, कावीळ आणि पटकी येऊ शकतात. प्रत्येक रोगजंतू वेगळा शोधणं शक्य नसतं, म्हणून विष्ठेची खूण म्हणून याला शोधतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं की १०० मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय नको. इथे ‘थोडेच आहेत’ हे उत्तर चालत नाही.

नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन, क्लोरीन घालून येतं. माझ्या अनुभवात बिघाड बहुतेक वेळा सोसायटीच्या फाटकाच्या आत सापडतो. जमिनीखालच्या टाकीचं झाकण पार्किंगच्या पातळीला असतं आणि पावसाचं पाणी आत जातं. ड्रेनेजचा चेंबर टाकीला खेटून असतो आणि मधल्या भिंतीला तडा गेलेला असतो. ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नसते. आणि पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर नळ बंद असताना रिकाम्या पाइपात ओढ तयार होते, तिथे गळती असली की बाजूचं घाण पाणी आत खेचलं जातं. नुसती टाकी धुऊन हे सुटत नाही. कमिटीने प्लंबरला घेऊन चेंबर ते टाकी असा माग काढला पाहिजे. मग टाकी रिकामी करून धुवायची, क्लोरीन घालायचं, अर्धा तास थांबायचं आणि शेवटच्या मजल्यावरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरतंय का ते पाहायचं. ते पाहण्याचं साधं किट मिळतं, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं.

पुन्हा नमुना देताना बाटली लॅबचीच घ्या. तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, ते क्लोरीनला तिथल्या तिथे निकामी करतं. घरची बाटली वापरली तर क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट खोटाच स्वच्छ येतो. तो स्वच्छ येईपर्यंत पिण्याचं, दात घासायचं आणि कोशिंबिरीच्या भाज्या धुवायचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा. आंघोळीला, कपड्यांना चालेल. मुलाचे जुलाब याच पाण्यामुळे झाले का, हे त्या शीच्या रिपोर्टवरून सांगता येत नाही. पण इमारतीत आणखी कुणाकुणाला जुलाब झाले हे चारही विंगमध्ये विचारा. एकाच आठवड्यात पाच-सहा घरं निघाली तर कमिटीने महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावं.

राहिली तुमची स्वतःची ती एक ओळ. शेवटी, जाता जाता लिहिलीत, पण मला तीच सगळ्यात काळजीची वाटली. तुम्ही नेरुळहून ठाण्याला ट्रान्स-हार्बरने येता आणि सकाळपासून पाणी पीत नाही, कारण स्टेशनवरच्या आणि ऑफिसच्या बाथरूमला जायचं जिवावर येतं. असं सांगणाऱ्या किती बायका मी आजवर ऐकल्या त्याला मोजदाद नाही. मूत्राशयात लघवी तासन्‌तास साठून राहिली की जंतूला वाढायला पुरेसा वेळ मिळतो. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या तरुण बायकांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्यावर त्यांचे संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आले. कोणत्याही गोळीशिवाय. मॅनोजच्या पुड्या मात्र २०२४ च्या मोठ्या चाचणीत उपयोगी ठरल्या नाहीत, त्यांवर पैसे घालू नका. जाहिरातींतले सुगंधी वॉशही नकोत, त्यांनी तेच राखणदार लॅक्टोबॅसिलस घटू शकतात. संबंधांनंतर लघवीला जाऊन या. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा, एकदा सोनोग्राफी आणि साखर तपासून घ्या. ऑफिसातलं बाथरूम वापरण्याजोगं नसेल तर चार जणी मिळून लेखी तक्रार करा, हा तुमच्या तब्येतीचा प्रश्न आहे. आणि पुढच्या वेळी जळजळ सुरू झाली की मेडिकलमधून मागच्या वेळचीच स्ट्रिप आणू नका. आधी नमुना द्या, मग डॉक्टर सांगतील ती गोळी, आणि त्यांनी सांगितले तितकेच दिवस.